दिवा वाढला

मेणबत्ती डब्यात घट्ट बसली आहे का, ते मी हलवून पाहिलं. बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा, त्याच्या दोन बाजूंना भोकं पाडून ओवलेली दोरी आणि आत बोटभर उरलेली मेणबत्ती. टाकीच्या माथ्यावर टाकलेल्या फळीवर मी उकिडवी बसले होते. समोर टाकीचं तोंड, एखाद्या घंगाळाएवढं. त्यातून आंबलेल्या द्राक्षांचा वास असा वर येत होता की नाक चुरचुरत होतं.

"आई, नीट बसलात ना? फळी ओली आहे." खालून जावयांचा आवाज आला. ते मला दिसत नव्हते. टाकीचं खालचं दार खालच्या भुयारात होतं आणि मी वरच्या भुयारात.

"बसले हो. पण मिलिंदराव, एमिलबाबाला येऊ द्या ना. एवढी काय घाई?"

"संध्याकाळी नवा माल येतोय, आई. आभाळ भरलंय, सगळे भराभरा तोडतायत. टाकी रिकामी नसली तर ओतायचा कुठं? तुमच्या ओच्यात?"

"माझा ओचा काही लहान नाही," मी म्हटलं.

ते हसले. ते हसणं दगडातून घुमत माझ्यापर्यंत आलं. मला ते अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

हे घडलं फ्रान्स देशात. मी दिंडोरीकडची बाई, सगळा जन्म द्राक्षाच्या मांडवाखाली गेलेला. तिकडं गेले ते लेकीच्या बाळंतपणासाठी. जावई वाइनच्या कंपनीत कामाला होते. कंपनीनं त्यांना ल्वार नावाच्या नदीकाठी एमिलबाबा या म्हाताऱ्या बागाईतदाराकडं काम शिकायला पाठवलेलं. वैजू, म्हणजे माझी वैजयंता, त्यांच्याबरोबर. दिवस राहिले आणि डॉक्टरनं तिला विमानात बसू नको म्हणून सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे आमच्याकडं ठरलेलं. लेक येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरच तिकडं गेलं. मालक, म्हणजे वैजूचे वडील, आले नाहीत. ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती, बाग सोडून कसे येतील?

ती नदी मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. आमच्या गोदावरीसारखीच, मधे वाळूची बेटं, पाणी आळसावलेलं. पण काठाला पांढऱ्या दगडाचा उभा कडा, आणि त्या कड्याच्या पोटात भुयारंच भुयारं. कुणी त्यात घर केलेलं, कुणी दारूची पिंपं ठेवलेली.

"ही तर पांडवलेणी गं," मी वैजूला म्हटलं होतं.

"हो, फक्त इथले पांडव लेण्यात बसून टीव्ही बघतात," ती म्हणाली.

द्राक्षं काळी, बारीक, जाड सालीची, आत बियाच बिया. आमच्याकडं असा माल पाहून व्यापारी गाडीतून खाली उतरला नसता. पण एमिलबाबा तेच द्राक्ष तोंडात टाकायचा, बी दाताखाली फोडायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा, कानात कुणी काही सांगतंय असा. सत्तरीच्या पुढचा, पाठीत वाकलेला, एकटा माणूस. मला तो 'मादाम कोती' म्हणायचा. कौतिका हे नाव त्याच्या जिभेवर तेवढंच बसलं. मी मराठीत बोलायचे, तो त्याच्या भाषेत, आणि मधे दोघंही 'वी, वी', म्हणजे हो हो, म्हणत माना हलवायचो.

खालच्या भुयारात टाकीच्या दाराशेजारी दगडात दोन क्रूस कोरलेले होते, एकाशेजारी एक, हात लागून लागून गुळगुळीत झालेले. मला वाटलं, हा इथला स्थानदेव असणार. टाकी आहे, आग नाही पाणी नाही, तरी आत काहीतरी उकळतं, मग राखणदार हवाच. मी रोज सकाळी त्या दोन्ही क्रुसांना हळदकुंकू वाहायला लागले, एखादं रानफूल ठेवायला लागले. एकदा एमिलबाबानं ते पाहिलं. टोपी काढली, बराच वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

"म्हाताऱ्याला बरं वाटलं बघ," मी वैजूला सांगितलं.

टाकीचा नियम त्यानंच मला समजावला होता, वैजूला मधे उभी करून. द्राक्षं टाकीत आंबतात तेव्हा त्यातून एक वायू सुटतो. त्याला रंग नाही, धूर नाही. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी पाण्यासारखा साठून बसतो. रस काढून घेतला की उरलेला चोथा ओढायला माणसाला खालच्या दारातून आत शिरावं लागतं. त्याआधी वरून मेणबत्ती सोडायची. तळापर्यंत जळत राहिली तर आत जायचं. नाही तर मोठा पंखा लावून वाट बघायची. आणि एमिलबाबा समोर असल्याशिवाय कुणीही आत शिरायचं नाही.

डब्याला मी दोरी बांधली तेव्हा ती गाठ बघून त्यानं विचारलं, ही कुठं शिकलीस?

"विहिरीवर," मी म्हटलं. वैजूनं तेवढंच सांगितलं. त्याच्यापुढचं तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी एमिलबाबा डोळे दाखवायला शहरात गेला होता. माणसं सगळी बागेत. मिलिंदरावांनी सकाळी थोडा वेळ पंखा फिरवला होता, आणि त्यांना वाटत होतं की तेवढ्यानं भागलं. मेणबत्ती बघायला कुणीतरी हवं म्हणून मला वर बसवलं. वैजू अंगणापलीकडं घरात होती. सकाळीच भांडी घासताना तिची एक हिरवी बांगडी ओट्यावर आपटली होती. "वाढली का गं? लागलं नाही ना? दुसरी भर लगेच," असं म्हणून मी काचा वेचल्या होत्या. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली असं तोंडानं म्हणायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, नारळसुद्धा वाढवायचा. आई गेली तरी जिभेला ते वळण राहिलं.

मी दोरी सोडायला लागले. डबा हळूहळू खाली गेला. ज्योत आधी सरळ होती. अर्ध्यावर गेल्यावर ती लांबट झाली, तांबूस झाली. चोथ्यापासून हातभर वर असेल, तेवढ्यात ती वातीपासून सुटल्यासारखी झाली आणि नाहीशी झाली. धूरसुद्धा वर आला नाही. तिथल्या तिथं आडवा पसरला, पाण्यावर तेल पसरावं तसा.

मी दोरी मुठीत आवळून धरली.

"मिलिंदराव!" मी ओरडले. "दिवा वाढला! दिवा वाढला हो!"

खाली रसाचा पंप धडधडत होता.

"काय?"

"दिवा वाढला!"

"बरं! बरं, आई! घ्या दोरी वर!"

माझा जीव भांड्यात पडला. त्यांना कळलं, आता ते पंखा लावतील, असं समजून मी डबा वर ओढला. वातीला हात लावून पाहिला, गार पडली होती. पंप बंद झाला. आता पंख्याची घरघर सुरू होईल म्हणून मी कान देऊन बसले.

घरघर काही झाली नाही. माझ्या बरोबर खाली, टाकीच्या आतून, फावडं सिमेंटवर घासल्याचा आवाज आला. खर्र. थांबून पुन्हा खर्र.

मी तोंडातून वाकून पाहिलं. आत उजेड हलत होता. त्यांच्या कपाळावरच्या बॅटरीचा.

"मिलिंदराव! बाहेर या! अहो बाहेर या आधी!"

उजेड वर फिरला आणि माझ्या डोळ्यांवर आला. त्यामागचा चेहरा दिसत नव्हता.

"काय म्ह..."

तो शब्द पुरा झाला नाही. उजेड सावकाश एका बाजूला कलला, दमलेला माणूस टेकायला बसतो तसा. मग चोथ्यावर आडवा झाला आणि तसाच राहिला. जिथं मेणबत्ती टिकली नव्हती, तिथं ती बॅटरी झगझगीत जळत होती. लालकाळ्या सालींवर तिचा उजेड चमकत होता. मी हाका मारत होते आणि माझीच हाक टाकीत फिरून मला परत ऐकू येत होती.

माझा एक पाय टाकीच्या तोंडात गेला होता. हे मला कळलं ते पायातली चप्पल सुटून आत पडली तेव्हा. ती पडल्याचा थप् असा ओला आवाज आला. मी पाय ओढून घेतला. पाय माझा होता, पण तो मी आत घातला नव्हता. तो आपला आपण निघाला होता.

मी पायऱ्या उतरून अंगणात आले, तिथून खालच्या भुयाराकडं धावले. धावता धावता "वैजू! वैजू!" अशा हाका मारल्या. हाक तोंडातून गेल्यावर मला ती गिळून टाकावीशी वाटली. कुणालाही बोलवावं, पण तिला नाही. पण बोलवायला दुसरं होतं कोण?

खालचं दार म्हणजे सिमेंटला ठेवलेला चौकोन, माणूस वाकून रांगत शिरेल एवढा. आतून तो पांढरा उजेड बाहेर सांडत होता. दारापासून हातभर आत मिलिंदरावांचा गमबूट दिसत होता, टाच वर केलेला. बूट हलत नव्हता.

वैजू माझ्यामागोमाग आली. एका हातानं पोट धरलेलं. तिनं उजेड पाहिला, बूट पाहिला आणि काही न विचारता गुडघ्यांवर पडून डोकं त्या दारात घातलं.

मी तिची वेणी धरली. दोन्ही हातांनी धरली आणि मागं ओढली. ती एकदाच आत श्वास घेऊन आली होती, तेवढ्यानं तिचे डोळे फिरले होते. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तो वायू बाहेर वाहून आला होता. मी तिला उभी केली, भिंतीला रेटलं.

"सोड! आई, सोड मला! पाय तिथंच आहे त्याचा, हाताला लागतोय!"

"नाही."

"सोड गं! मरतोय तो!"

"मरू दे!" मी ओरडले. "मरू दे त्याला! एक मरू दे!"

तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. रक्त आलं. मी वेणी सोडली नाही. तिची नखं, तिचा हुंदका, पोटातल्या लेकराची लाथ, सगळं मला माझ्या अंगावर कळत होतं, पण माझे हात लाकडाचे झाले होते. ती मला काय काय म्हणाली ते मी इथं लिहीत नाही. आईला असं कुणी म्हणत नाही, आणि त्या वेळी तिला आई दिसतच नव्हती.

तेवढ्यात क्रुसांशेजारी भिंतीला टेकलेलं दाताळं मला दिसलं. चोथा ओढायचं, लांब दांड्याचं, लाकडी दात्यांचं.

"वैजू, माझ्याकडं बघ. बघ माझ्याकडं! अंगणात जा, छाती भरून घे आणि तोंड मिटून परत ये. वाकायचं नाही. बसायचं नाही. उभ्यानं ओढायचं. ऐकतेस का?"

ती ऐकत होती का कोण जाणे, पण ती गेली आणि गाल फुगवून परत आली. मीही श्वास घेऊन आले. उभ्यानंच मी दाताळं त्या दारात घातलं. दाते बुटात अडकले. आम्ही दोघींनी ओढलं, आणि बूट सुटून हातात आला. नुसता बूट. वैजूच्या तोंडून असा आवाज निघाला की सगळा श्वास त्याच्याबरोबर गेला.

"जा! पुन्हा घेऊन ये!"

दुसऱ्यांदा दाते विजारीच्या कापडाला लागले आणि कापड फाटत आलं. मला आत नीट दिसत नव्हतं. बॅटरी डोळ्यांवर येत होती. छाती फुटायला आली होती, कानांत ठोके पडत होते. मी बाहेर धावले, श्वास घेतला, आत आले. किती वेळा ते ठाऊक नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आता परत जाईन तेव्हा वैजू त्या दारात पालथी पडलेली असेल. बाहेर घेतलेला श्वास त्या भीतीनंच अर्धा व्हायचा.

त्यांच्या विजारीला खांद्यावरून पट्टे होते. शेवटी कमरेपाशी त्या पट्ट्यात दाता अडकला. अडकला ते मला दांड्यातूनच कळलं, गळाला मासा लागतो तसं. आम्ही ओढलं. ते आडवे फिरले, मग एक पाय दाराबाहेर आला, मग दुसरा. पाय बाहेर आलेले बघून वैजू वाकणार, तेवढ्यात मी ओरडले, "उभी राहा!" तिनं पायानंच त्यांचा पाय माझ्याकडं लोटला. मी तोंड मिटून एकदाच वाकले, घोटा धरला आणि फरफटत सुटले. भुयारातून अंगणापर्यंत त्यांचं डोकं जमिनीवर आपटत आलं. त्याला इलाज नव्हता.

अंगणात उजेडात त्यांचा चेहरा पाहिला. तो त्या द्राक्षांच्या रंगाचा झाला होता.

मी त्यांच्या गालांवर मारलं. सासूनं जावयाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि मी त्यांना अशा चपराका दिल्या की माझे तळवे भाजले. वैजू त्यांच्या तोंडात तोंड घालून फुंकत होती, मधेच उठून रडत होती, पुन्हा फुंकत होती. मग, बंद पडलेला पंप एकाएकी हवा ओढतो तसा आवाज त्यांच्या गळ्यातून आला. मग ओकारी. मग पुन्हा श्वास.

वैजूनं फोन केला. आग विझवायला जाते तशी लाल गाडी आली. माणसांनी त्यांच्या तोंडावर हवेचा मुखवटा बांधला आणि घेऊन गेले. वैजू गाडीत चढली. माझ्याकडं तिनं वळून पाहिलं नाही. माझ्या एका पायात चप्पल होती, दुसरी टाकीत. मी तशीच अंगणात उभी राहिले, आणि पाऊस पडायला लागला तरी आत गेले नाही.

दुसऱ्या दिवशी एमिलबाबानं मला दवाखान्यात नेलं. मिलिंदराव उशीला टेकून बसले होते. डोक्याला मागं पट्टी. वैजू खिडकीशी, पाठ माझ्याकडं.

"आई," मिलिंदराव म्हणाले, "माझं डोकं फोडलंत म्हणे."

"फोडलं. राहिलं ना धडावर?"

ते हसायला गेले आणि खोकले. मग म्हणाले, "पण मला एक कळत नाही. तुम्हीच तर म्हणालात, दिवा वाढला म्हणून."

"म्हणाले ना! तीनदा ओरडले. तरी तुम्ही आत शिरलात!"

"अहो, वाढला म्हणालात म्हणूनच शिरलो. मला वाटलं ज्योत मोठी झाली, हवा चांगली आहे."

मला आधी ते चेष्टा करतायत असं वाटलं. हा माणूस ठाण्यात लहानाचा मोठा झाला, बँकेच्या क्वार्टरमध्ये. तिथं दिवा बटणानं लागतो आणि बटणानं जातो. त्याला कुणी कधी अडवलं नसेल, असं नको म्हणू म्हणून.

खिडकीशी वैजू वळली. काल दुपारपासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"आमच्यात दिवा विझला म्हणत नाहीत," ती त्यांना म्हणाली. "वाढला म्हणतात. अशुभ बोलायचं नसतं ना." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मरू दे म्हणायचं असतं."

मला बसायला खुर्ची शोधावी लागली.

एमिलबाबाला शब्द कळले नव्हते, पण बाकीचं कळलं असावं. त्यानं टोपी मांडीवर ठेवली आणि वैजूला काहीतरी सांगायला लागला. ती ऐकत होती आणि तुटक तुटक मराठीत सांगत होती, माझ्याकडं न बघता.

"म्हणतात, तुझ्या आईला विचारायचं होतं, ती त्या क्रुसांना लाल रंग का लावते... ते देव नाहीत, आई. ती माणसं आहेत. एक त्यांचे काका, एक वडील. त्याच टाकीत. काका चोथा काढायला गेले आणि पडले. वडील त्यांना काढायला गेले." ती थांबली. एमिलबाबा पुढं एक वाक्य बोलला. "तिसरं कुणी गेलं नाही, म्हणतात, कारण तिथं तिसरं कुणी नव्हतंच."

मग मी बोलले. जे माझ्या आईनं मरेपर्यंत कुणापुढं काढलं नाही, आणि मीही काढलं नव्हतं, ते.

"वैजू, तुझा आजा तापानं गेला असं मी तुला सांगितलंय. तो तापानं नाही गेला. विहिरीतला गाळ काढायला उतरला. खूप वर्षं बंद असलेली विहीर. तळाशी गेला आणि बसला. माझा मामा वर होता, त्याचा जीव राहिना, तो उतरला. मी काठावर होते. माझं परकर-पोलक्याचं वय. आई माझ्या मागं होती. दोघांना एकाच गाडीत घालून आणलं, आणि गाडीतून मामाचे पाय बाहेर लोंबत होते, कारण तो उंच होता. मीसुद्धा दोर धरला होता, वैजू. बाबा दिसत होते ना मला, हात लांब केला असता तर लागले असते असं वाटत होतं. आईनं मला केसाला धरून मागं ओढलं. आणि म्हणाली, मरू दे त्यांना. ती दिव्यालासुद्धा कधी वाईट शब्द बोलली नव्हती. तिच्या तोंडून तो एवढा एकच शब्द गेला, आणि त्यावर मी आज जिवंत आहे."

माझ्या मनगटावर वैजूच्या दातांची खूण काळीनिळी पडली होती. ती त्या खुणेकडं बघत होती.

एमिलबाबा तिच्याकडं तोंड करून थांबला होता, मादाम काय म्हणाली ते सांग म्हणून. वैजूनं तोंड उघडलं, त्याच्या भाषेतले एक-दोन शब्द बोलली आणि अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकली. चांगली फाडफाड बोलणारी पोर. शेवटी तिनं नुसता आपल्याच वेणीला हात लावला आणि मग माझ्याकडं बोट केलं. म्हातारा "वी," म्हणाला. एकदाच.

पुढं त्याच दवाखान्यात तिला मुलगी झाली. मी सव्वा महिना तिला न्हाऊ-माखू घातलं, डिंकाचे लाडू केले, पोरीला अंगाला लावलं. वैजू माझ्याशी चांगली वागली. आम्ही सगळं बोललो, तेवढं एक सोडून. मिलिंदराव टाकीत पुन्हा शिरले, एमिलबाबासमोर, पंखा लावून. त्या वेळी मी नदीवर जाऊन बसले.

मी लिहायला शिकले ते फार उशिरा, नातवंडं कॉलेजात गेल्यावर, गावातल्या प्रौढांच्या वर्गात. स्वतःचं नाव काढून झाल्यावर बाईंनी विचारलं, आता कोणता शब्द शिकायचा, आजी?

"विझला," मी म्हटलं.

"अहो, असं काय? 'दिवा लाव' लिहू या ना."

"ते नंतर. आधी हे."

'झ'नं मला फार छळलं. त्याचा तो मधला पाय कुठं वळवायचा ते हाताला कळेचना. पण बसला एकदाचा.

मागच्या वर्षी वैजू आली होती. संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो, ती, मी आणि माझी सून. वीज गेलेली. कठड्यावर पणती ठेवली होती. बागेकडून वारं आलं, आणि मी भाजी निवडण्यात होते, माझं लक्ष नव्हतं.

"आई," वैजू म्हणाली, "दिवा विझला."

सुनेनं दचकून तिच्याकडं पाहिलं. आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. अंधारात वैजूचं तोंड मला दिसत नव्हतं, पण ती माझ्याकडं बघत होती हे कळत होतं. तिचा हात पुढं आला आणि माझ्या मनगटावर, जिथं ती खूण होती तिथं, येऊन थांबला.

"ऐकलं गं," मी म्हटलं. "बस तिथंच. काडेपेटी आणते."